‘विठोबा म्हणजेच बुद्ध’ म्हटल्यावर मैत्रीण का दुखावली?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या सोसायटीत सहा जणांचा वाचनकट्टा आहे. त्यात एक माळकरी काका, मूळची नागपूरची एक बौद्ध मैत्रीण, एक मुस्लिम डॉक्टर, वसईचे एक ख्रिस्ती गृहस्थ आणि तुम्ही दोघं नवराबायको, देव न मानणारे. धर्मावर बोलायचं ठरलं. पहिली बैठक गोडीत झाली. दुसऱ्या बैठकीत काका प्रेमानं म्हणाले, “अगं, आमचा विठोबा म्हणजेच तुमचा बुद्ध. आपण काय वेगळे आहोत का?” त्यावर मैत्रिणीनं बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञांपैकी पाचवी म्हणून दाखवली. काका चहा अर्धा टाकून उठले. आता ग्रुपवर फक्त सुप्रभाताची फुलं येतात. तुम्ही विचारता, श्रद्धाश्रद्धांमध्ये संवाद खरंच होतो का, की ‘सगळे धर्म सारखेच’ म्हणून गप्प बसलेलं बरं?

मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात २७ वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. त्यातली बरीचशी धर्माचं तत्त्वज्ञान या पेपरात गेली. निवृत्तीच्या आधीपासून महिन्याला एक बैठकही चालवते. वेगवेगळ्या धर्मांची आणि कुठल्याच धर्माची नसलेली दहा-बारा माणसं येतात. आमच्याकडेही चहा अर्धा टाकून माणसं उठली आहेत, त्यामुळे पुस्तकी सांगत नाही.

माझं पहिलं म्हणणं असं की तुमची बैठक ‘आपण वेगळे आहोत’ या बोलण्यानं मोडलेली नाही. ती ‘आपण वेगळे नाहीत’ या बोलण्यानं मोडली. हे नीट पाहिल्याशिवाय पुढचं काही जमणार नाही.

काकांचं वाक्य त्यांच्या बाजूनं बघा. वारकरी परंपरेत विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हणणं नवीन नाही. संतांच्या अभंगांत तसे उल्लेख आहेत, तुकोबांच्या गाथेतही आहेत. मौन धरलेला, हातात शस्त्र नसलेला, कमरेवर हात ठेवून उभा असलेला देव म्हणजे बुद्धरूप, अशी ती भावना. काका लहानपणापासून कीर्तनात हे ऐकत आले. त्यांच्या दृष्टीनं आपल्या देव्हाऱ्यातली सगळ्यात लाडकी जागा त्यांनी मैत्रिणीला देऊ केली. याहून मोठा मान त्यांच्यापाशी नाही.

आता मैत्रिणीच्या बाजूनं बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी सांगते की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, तो खोटा प्रचार आहे. हे इतकं कडक का? कारण अवताराच्या यादीत बुद्धाला जागा मिळाली ती कुठल्या कामासाठी, हे भागवतात लिहिलेलं आहे. असुरांना भुलवण्यासाठी, मोहात पाडण्यासाठी. म्हणजे बुद्धाला देव्हाऱ्यात घेतलं, पण त्याची शिकवण ही फसवणूक ठरवून घेतलं. काकांना हे बहुधा ठाऊकही नसेल. मैत्रिणीच्या घरात मात्र तीन पिढ्या हे ठाऊक आहे. काकांनी मिठी मारली. तिला वाटलं, गिळायला आले.

यातली गंमत पुढे आहे. ‘पंढरपूरचा विठोबा म्हणजे बुद्ध’ हे वाक्य खुद्द बाबासाहेबांनीही उच्चारलेलं आहे. २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, त्या भाषणात ते म्हणाले की पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे आणि यावर मी प्रबंध लिहिणार आहे. वाक्य तेच, दिशा उलटी. काका म्हणतात, तुमचा बुद्ध आमच्या विठोबात आहे. बाबासाहेब म्हणतात, तुमचा विठोबा मुळात आमचा बुद्ध आहे. तुमच्या मैत्रिणीनं प्रतिज्ञेऐवजी हे भाषण काढलं असतं, तर काका तितकेच दुखावले असते. आणि मग त्यांना कळलंही असतं की तिला काय झालं.

आमच्या विषयात या पवित्र्याला समावेशवाद म्हणतात. माझा धर्म खरा, तुझा खोटा, हे म्हणणारा निदान समोरासमोर उभा असतो. समावेशवादी म्हणतो, तुझंही खरंच आहे, फक्त ते माझ्याच खऱ्याचा एक भाग आहे, तुला माहीत नाही एवढंच. विसाव्या शतकातले कॅथलिक धर्मशास्त्री कार्ल रानर यांनी भल्या मनानं अशीच कल्पना मांडली होती. चर्चबाहेरचा सज्जन माणूस हा ‘अनामिक ख्रिस्ती’ असतो, असं ते म्हणत. वसईच्या गृहस्थांनी काकांना सांगून बघावं की काका, तुम्ही अनामिक ख्रिस्ती आहात. काकांचा चेहरा बघण्यासारखा होईल.

मग सरळ ‘सगळे धर्म सारखेच’ म्हणावं का? बहुतेक मराठी घरांत हे वाक्य लोणच्यासारखं प्रत्येक ताटात असतं. त्याचं तात्त्विक रूप इंग्लंडचे जॉन हिक यांनी मांडलं: अंतिम सत्य एकच, ते कुणालाच जसंच्या तसं दिसत नाही, प्रत्येक धर्म आपापल्या चष्म्यातून बघतो. सोबत हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट येतेच. ही गोष्ट बौद्धांच्या उदान या पाली ग्रंथात आहे, जैनही सांगतात. माझ्या वर्गात ती निघाली की मी एकच विचारायचे: गोष्टीत ज्याला पूर्ण हत्ती दिसतो तो कोण? उदानात तो राजा आहे. त्यानं जन्मांधांना बोलावलं, हत्ती चाचपायला लावला आणि ते गुद्द्यांवर आल्यावर त्याला मौज वाटली. ‘सगळे एकाच हत्तीला चाचपडताहेत’ असं म्हणणारा स्वतःला आंधळ्यांत धरत नाही, राजाच्या गादीवर बसवतो. काकांना वाटतं विठ्ठल आहे, डॉक्टरांना वाटतं अल्लाह एक आहे, मैत्रीण म्हणते ईश्वर मानायची गरजच नाही. या तिघांना ‘तुम्ही एकच म्हणताय’ असं सांगणं म्हणजे तिघांनाही आपण काय म्हणतो ते कळत नाही असं सांगणं.

बाबासाहेबांची या बाबतीतली तक्रार आणखी धारदार होती. धर्मांच्या तौलनिक अभ्यासानं ‘आमचाच खरा’ ही घमेंड मोडली, हे त्यांना मान्य होतं. पण त्याच अभ्यासानं सगळे धर्म सारखेच चांगले, त्यांत डावं-उजवं करू नये, असा समजही पसरवला, तो त्यांना घातक वाटला. ज्याला एका धर्मानं विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्याला सगळे धर्म सारखे म्हणायला सांगणं ही थट्टा आहे. तेव्हा तुमच्या मैत्रिणीनं ते वाक्य स्वीकारावं अशी अपेक्षा धरू नका. तिच्या धर्मांतराचा अर्थच ‘सगळे सारखे नाहीत’ हा आहे.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटाकडे येते. गप्प बसून शेजारी राहणं पुरत नाही का? मी मिरजेजवळची. तिथे ख्वाजा शमना मीरांचा दर्गा आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर त्याच आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मृतीला गाणं होतं. ऐकायला सगळ्या गल्ल्यांतून माणसं येतात. सतारी-तानपुरे करणारे कारागीर मुस्लिम, वाजवणारे बरेचसे हिंदू, आजारी पडले की सगळेच मिशनच्या दवाखान्यात. आम्ही अभिमानानं सांगत असू की आमच्याकडे हे प्रश्नच नाहीत. २००९ च्या गणेशोत्सवात त्याच मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली. त्याची कारणं राजकीय होती, स्थानिक होती, त्यात मी इथे शिरत नाही. मला तेव्हा एवढंच उमगलं की आम्ही शेकडो वर्षं एकमेकांचं गाणं ऐकत होतो, एकमेकांचं म्हणणं ऐकलेलं नव्हतं. सहवास ही फार मोठी गोष्ट आहे, पण संवादाचं काम ती करत नाही.

आता कसं बोलायचं ते. आपल्याकडे याचं शास्त्र जुनं आहे. न्यायसूत्रं या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य कळावं म्हणून केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची पाडायची ती वितंडा. आपण मराठीत ‘वाद’ या शब्दाचा अर्थच भांडण करून टाकला, हा आपल्या चर्चांवरचा शेराच म्हणायचा. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर वैद्यांसाठी लिहिलं आहे की संभाषा म्हणजे चर्चा दोन तऱ्हेची, मिळून केलेली संधायसंभाषा आणि भिडून केलेली विगृह्यसंभाषा. मिळून बोलताना हरण्याच्या भीतीनं बिचकू नये आणि समोरच्याला हरवल्याचा हर्षही मानू नये. आमच्या बैठकीला याहून वेगळा नियम मला सुचलेला नाही.

पण नियम सांगून माणसं बदलत नाहीत, काहीतरी करायला द्यावं लागतं. आम्ही जे करतो ते पूर्वपक्षाचं काम. जुने शास्त्री आपलं मत मांडण्याआधी विरोधकाचं मत त्याच्यापेक्षाही नेटकं मांडत. आमच्याकडे पद्धत अशी की ज्याच्याशी पटत नाही त्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, आणि तो माणूस “हो, हेच म्हणतोय मी” असं म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. ऐकायला सोपं आहे. एकदा एका निवृत्त शिक्षकांना नमाजाबद्दल शेजाऱ्याचं म्हणणं मांडायला पाऊण तास लागला. चार वेळा शेजारी म्हणाला, “नाही सर, असं नाही.” पाचव्यांदा तो हसला. त्या दिवशी मुद्दा एकही पुढे गेला नाही, आणि ती आमची सगळ्यात चांगली बैठक होती.

एकनाथांचं हिंदू-तुर्क संवाद हे भारूड यासाठी जरूर वाचा. सोळाव्या शतकातल्या पैठणचा माणूस, पण तो गुळमुळीत सुरुवात करत नाही. तुर्क हिंदूंच्या देवांच्या पुराणातल्या भानगडी काढतो. हिंदू विचारतो की देव सगळीकडे असेल तर तोंड एकाच दिशेला का. दोघंही एकमेकांच्या नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवतात, आणि मगच शेवटी एकमेकांना नमस्कार करून मिठी मारतात. मिठी शेवटी आहे, तुमच्या काकांनी ती सुरुवातीला मारली. माझी एक शंकाही सांगते. त्या भारुडातला तुर्क एकनाथांनी लिहिलेला तुर्क आहे. गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्रींनी मराठी ख्रिस्तपुराण छापलं, त्यातही इथला ब्राह्मण पाद्रींना प्रश्न विचारतो, पण तो पाद्रींना उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारतो. दोन्ही रचना मला प्रिय आहेत, तरी दोन्हीकडे लेखणी एकाच हातात आहे. तुमच्या कट्ट्यावर दोन जिवंत माणसं आहेत. ही सोय एकनाथांना नव्हती.

थोडं मागे वळून सांगायचं तर, मतभेद लवकर झाकले की बैठक मोडते, आणि समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडता आलं की टिकते. पण हे सगळीकडे लागू नाही, ते आता सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे बळाबळ. सहा जणांत एकटा असणाऱ्या माणसाला ‘मोकळेपणानं बोला’ म्हणणं सोपं आहे. मोकळेपणाची किंमत त्यालाच मोजावी लागते. ही चूक मी स्वतः केली आहे. आमच्याकडे एक तरुण मुस्लिम शिक्षक यायला लागला. तिसऱ्या बैठकीत मी त्याला विचारलं, “तलाकबद्दल तुमच्याकडे काय म्हणतात?” माझ्या मनात कुतूहल होतं. तो शांतपणे दोन वाक्यं बोलला आणि पुन्हा आला नाही. पुढे कधीतरी बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, “मॅडम, मी तुमच्याकडे गालिबवर बोलायला येत होतो.” मी त्याला माणूस म्हणून बोलावलं आणि वकील म्हणून उभं केलं. तेव्हापासून आमच्याकडे ‘तुमच्यात काय म्हणतात’ असं विचारायचं नाही, ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारायचं. तुमच्या डॉक्टरांच्या बाबतीत हे जपा. तुमच्या लांबलचक प्रश्नात त्यांचं एकही वाक्य नाही, हे मला खटकलं.

दुसरं, गावात ताण असेल, निवडणूक तोंडावर असेल, कुणाला घर भाड्यानं मिळायला त्रास होत असेल, तर तत्त्वज्ञान बाजूला ठेवा आणि आधी त्या माणसाच्या पाठीशी उभे राहा. संवाद नंतर.

तिसरं, संवादात धोका खरा आहे, तो लपवू नका. १८३९ मध्ये जॉन म्यूर या कंपनी सरकारातल्या स्कॉटिश अधिकाऱ्यानं ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृतात लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली. त्याला संस्कृतातच उत्तर देणाऱ्या पंडितांत काशीचे एक तरुण चित्पावन होते, नीलकंठशास्त्री गोऱ्हे. त्यांनी हिंदू धर्माच्या बाजूनं कसून ग्रंथ लिहिला. १८४८ मध्ये त्यांनीच बाप्तिस्मा घेतला. पुढे पंडिता रमाबाईंवर त्यांचा प्रभाव पडला. समोरच्याचं मन लावून वाचलं की कधीकधी आपण हलतो. त्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल हा विचार मी नेहमी करते, आणि तरी मला वाटतं की हा धोका पत्करायची तयारी नसेल तर आपण फक्त भाषणांची देवाणघेवाण करतो.

तुम्हा दोघांसाठीही एक गोष्ट आहे, कारण नास्तिकांना बैठकीत पंच व्हायची सवय असते. आंध्रचे गोरा हे निरीश्वरवादी गांधीजींच्या आश्रमात जाऊन राहिले, दोघांत खूप बोलणं झालं. गोरांच्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी सेवाग्रामला लावायचं ठरलं तेव्हा शपथेतल्या ईश्वराचं काय करायचं हा प्रश्न आला. गांधीजींनी ईश्वराच्या जागी सत्य हा शब्द मान्य केला. लग्न झालं मार्च १९४८ मध्ये, तेव्हा गांधीजी नव्हते, पण शब्द तोच राहिला. यात गोरा आस्तिक झाले नाहीत आणि गांधीजी नास्तिक झाले नाहीत. एका ठरावीक कामापुरता दोघांना चालेल असा शब्द त्यांनी शोधला. तुम्ही पंचाची खुर्ची सोडा आणि तुमचंही मत टेबलावर ठेवा, त्यालाही प्रश्न विचारले जाऊ देत.

घर म्हणाल तर जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात एक घर रंगवलं आहे. आईनं वाचून बौद्ध व्हावं, बापानं ख्रिस्ती, मुलीनं मुसलमान, मुलानं सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात राहावं. त्यात कुणीही कुणाला ‘तुझं माझं एकच’ म्हणत नाही. वाचून ठरवलेलं वेगळेपण आणि एक चूल. १८९१ मध्ये छापलेलं हे घर आज एखाद्या सोसायटीत भाड्यानं मिळेल का, हा प्रश्न वेगळा.

मग तिसऱ्या बैठकीत काय करायचं? ‘विठोबा म्हणजे बुद्ध’ या वाक्याचे तीन धागे वेगळे करा. एक इतिहासाचा: ती मूर्ती मुळात कुणाची? बाबासाहेबांचं मत सांगितलंच, संशोधक रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. हा पुराव्याचा प्रश्न आहे, यात कुणाची श्रद्धा पणाला लागायचं कारण नाही. दुसरा धर्मशास्त्राचा: बुद्ध विष्णूचा अवतार आहे का? इथे काका आणि मैत्रीण यांची मतं वेगळी आहेत आणि वेगळीच राहतील. तिसरा मनाचा: काकांना म्हणायचं होतं, पोरी, तू मला परकी नाहीस. काकांनी तिसरी गोष्ट दुसऱ्या धाग्याच्या शब्दांत सांगितली. मैत्रिणीनं दुसरीला उत्तर दिलं, तिसरीला दिलंच नाही. काकांना वाटलं तिनं तिसरीच नाकारली.

काकांना ग्रुपवर लिहू नका, घरी जा. जमलं तर मैत्रिणीला आधी विचारा की अवताराच्या गोष्टीत नेमकं काय टोचतं ते काकांना सांगू का, आणि ती हो म्हणाली तरच सांगा. काकांकडून पाचव्या प्रतिज्ञेचं कारण त्यांच्या शब्दांत ऐका. त्यांना ते पटायला नको, नीट सांगता आलं तरी पुष्कळ. मैत्रिणीकडून वारीबद्दल ऐका, लोक अठरा-वीस दिवस ऊनपावसात का चालतात ते तिनं काकांच्या वतीनं सांगावं. दोघांना पहिल्या खेपेला जमणार नाही. डॉक्टरांना या वेळी काहीही विचारू नका, त्यांना बोलावंसं वाटेल तेव्हा ते बोलतील. आणि चहा बैठकीच्या शेवटी ठेवा, आमच्या अनुभवात त्यानं माणसं थांबतात.